एका उन्हाळ्यापुरती बाग

गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी हातात धरून बेरिल मॅचिन दुकानाच्या मोठ्या काचेसमोर उभी होती, आणि एकाएकी तिच्या ध्यानात आलं की आपण नवऱ्याच्या, क्लिफच्या, फुलांच्या वाफ्यात उभ्या आहोत. तसं दिसायला काहीच नव्हतं. पायाखाली पांढरी गुळगुळीत फरशी होती, दोन्ही अंगांना गारठा ओकणाऱ्या पेट्या होत्या, आणि मासे कुठे ठेवलेत म्हणून कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं. पण काचेपलीकडे, गाड्यांच्या रांगांवरून, कालव्याच्याही वर, टेकडीवरच्या चर्चचं टोक दिसत होतं, आणि ते नेमकं एका जुन्या विटांच्या चिमणीला खेटून उभं होतं. "चर्च आणि चिमणी एकमेकांना चिकटली की समज, तू माझ्या दारात आलीस," असं क्लिफ तिला म्हणाला होता. या दुकानात ती कित्येक वर्षं येत होती. पण वाटाणे आजवर पलीकडच्या भिंतीला असायचे, ते या आठवड्यात कुणीतरी इकडे हलवले होते, आणि त्यामुळे या जागी उभं राहून बाहेर बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. "जरा सरकता का आजी?" मागून एक पोरगी म्हणाली. बेरिल सरकली. सरकताना आपण कशाच्या तरी अंगावर पाय देतोय असं वाटून तिने टाच उचलून धरली, आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती पटकन चालू लागली.

बाहेर बसथांब्याच्या बाकावर ती बसली. बस आली, तिच्यासाठी थांबली, निघून गेली. मांडीवरच्या पिशवीतला गारवा कोटातून आत झिरपत होता, आणि तो तिला बरा वाटत होता. अंगाला काही ना काही जाणवत राहिलं की विचार जरा दबून राहतात. पण आज ते दबले नाहीत. क्लिफ जाऊन तीन हिवाळे झाले होते. तो आठवायचा तो खुर्चीतला, खोकणारा, गुडघ्यावर घोंगडी घेतलेला. आज मात्र आठवला तो उघड्या दंडांचा, मानेवर ऊन रापलेला, आणि त्या क्लिफकडे बघायची बेरिलला कधीच हिंमत झाली नव्हती.

या दुकानाच्या जागी पूर्वी पोलादाचा कारखाना होता. क्लिफ तिथे भट्टीवर होता, त्याचा बापही होता. रात्री आभाळ तांबडं व्हायचं आणि त्या उजेडात बेरिलची आई पडदे न लावता विणकाम करायची. मग भट्ट्या विझल्या. माणसं घरी बसली आणि जमीन काळी, तेलकट, गंजकी होऊन पडून राहिली. त्या काळात बेरिल चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात फुलं रंगवत होती. चौदाव्या वर्षी ती त्या बाकावर बसली ती बसलीच. बशीच्या कडेने गुलाब, कपाच्या पोटावर निळी इवली फुलं, एका फटकाऱ्यात एक पाकळी, कुंचला उचलायचा नाही. क्लिफ घरी बसला तेव्हा घर तिच्या हातावर चालू लागलं. ती त्याच्याशी फार समजुतीने वागली. सगळी आळी म्हणायची की बेरिलसारखी बायको मिळायला भाग्य लागतं. ती कधी टोचून बोलली नाही, कधी भांडी आपटली नाहीत. संध्याकाळी ती यायची तेव्हा शेगडी पेटलेली असायची, बटाटे सोललेले असायचे, आणि क्लिफ दाराशी येऊन तिचा कोट काढून घ्यायचा. "दमलीस का गं बदके?" तो विचारायचा. त्या गावात बाई असो बाप्या असो, माया आली की 'बदका' म्हणूनच हाक मारतात. पण पूर्वी तो हे ओरडून, जिन्यावरून, हसत म्हणायचा. आता हळू म्हणायचा, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं. आणि बेरिलला ते आवडत गेलं होतं. हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता असंही नाही. कळलं तेव्हा तिने दुसरीकडे मान फिरवली होती, एवढंच.

मग सरकारच्या डोक्यात आलं की असल्या पडक्या जमिनींवर बागांचा उत्सव भरवायचा. एक उन्हाळा फुलं, कारंजी, छोटी आगगाडी, बँड. देशभरची माणसं येतील, गावाचं नाव होईल, आणि मग फुलांच्या मागून धंदेवाले येतील. गावात याची चेष्टाच झाली. "मढ्याला पावडर लावतायत," बेरिलची आई म्हणाली. तरी क्लिफ गेला आणि माळ्यांच्या हाताखाली लागला. पहिले महिने सगळे चिखलाचेच. तो घरी यायचा तो कारखान्यातून आल्यासारखा काळा होऊन. "अजून लोखंड निघतंय गं खालून," तो सांगायचा. "आज एक साखळी निघाली, हाताएवढी जाड. मी ओळखली तिला." आणि मग एका संध्याकाळी त्याने टोपीत घालून एक फूल आणलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ओटच्या धिरड्यांच्या ताटलीशेजारी, त्याने ते एखादं अंडं ठेवावं तसं जपून ठेवलं.

"हे तूच रंगवतेस ना? कडेच्या नक्षीत?"

बेरिलने चष्मा लावून पाहिलं. पाकळ्या वेड्यावाकड्या होत्या, एकीला किडीने भोक पाडलं होतं, आणि रंग सगळीकडे सारखा नव्हता. "छे," ती म्हणाली. "आमच्याला अशा सुरकुत्या नसतात."

क्लिफ हसला. "अगं, मग तुमचंच चुकतंय की!"

गंमतीने म्हणाला होता तो. पण तिला ते लागलं. तीस वर्षं आपण जे काढतोय ते हा मातीत हात घालून चार दिवस झालेला माणूस चूक म्हणतो! तिने ते फूल पेल्यात ठेवलं खरं, पण दुसऱ्या दिवशी, देठ अजून ताठ असताना, फेकूनही दिलं. आता बाकावर बसल्या बसल्या तिला त्या फुलाचा वास आठवेना. बहुधा तिने तो घेतलाच नव्हता.

उत्सव मेमध्ये उघडला. क्लिफला कालव्याच्या वरच्या अंगाचे वाफे मिळाले, चर्च आणि चिमणी खेटतात तिथले. "ये ना," तो रोज म्हणायचा. "आईलाही आण, चाकाच्या खुर्च्या मिळतात दारात." बेरिल आज येते, उद्या येते करत राहिली. शेवटी जुलैमध्ये, कारखान्याला सुट्टी लागल्यावर, एका दुपारी ती आईला घेऊन त्याला न सांगता गेली. गर्दी म्हणजे नुसती जत्रा. ऊन चांगलं पडलं होतं, लोकांच्या हातांत आइसक्रीम वितळत होतं. ज्या चढावरून क्लिफचा बाप जेवणाचा डबा घेऊन कामावर जायचा त्या चढावर पिवळ्या-तांबड्या फुलांचे गालिचे पसरले होते, आणि बेरिल खुर्ची ढकलत वर आली तेव्हा तिला आधी आवाज ऐकू आला. क्लिफचं हसणं. मोठं, पोटातून आलेलं, मागे डोकं टाकून केलेलं. लग्नाआधी नाचाच्या हॉलमध्ये तो असा हसायचा, तेव्हा इतर जोडपी वळून बघायची. तो गुडघ्यावर बसला होता, बाह्या दुमडलेल्या, आणि भोवती परगावच्या चारपाच बायका उभ्या होत्या. तो त्यांना काहीतरी दाखवत होता, पान उलटं करून, आणि त्या वाकून बघत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "तुमच्या बायकोची चैन आहे हो!" आणि क्लिफ म्हणाला, "तिला विचारा की! ती यांना फुलंच मानत नाही." पुन्हा सगळ्या हसल्या. यात वाईट काय होतं? मायेनेच म्हणाला होता तो. ती दोन पावलं पुढे झाली असती तर त्याने उठून, मातीच्या हातांनी, सगळ्यांसमोर तिला जवळ घेतलं असतं. "हीच ती," म्हणाला असता. बेरिल उभी राहिली. हा माणूस कोण? घरी हळू बोलणारा, माझा कोट काढून घेणारा माणूस कुठे गेला? माझ्याशिवाय, माझ्या समजूतदारपणाशिवाय, याला इतकं बरं होता येतं? तिने खुर्ची फिरवली.

"अगं, तो काय क्लिफ!" आई म्हणाली.

"कामात आहे तो. चहा घेऊ आपण."

आईने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. म्हातारीला दिसायचं कमी, पण कळायचं सगळं. त्या रात्री जेवताना क्लिफने विचारलं, "सुट्टी लागली ना? कधी येताय मग?" आणि बेरिल म्हणाली, "आईला चढ झेपायचा नाही रे." आई बशीतला रस्सा पावाने पुसत राहिली. त्यानंतर उत्सव संपेपर्यंत बेरिल गेली नाही.

सप्टेंबरअखेरच्या एका रविवारी मुख्य माळी मिस्टर गॅलब्रेथ चहाला आले. स्कॉटलंडचे, लांब हाडांचे, कमी बोलणारे गृहस्थ. दोन वर्षांनी असाच उत्सव ग्लासगोला व्हायचा होता, नदीकाठी, जुन्या गोदीच्या जागेवर. तयारीला माणसं आतापासूनच हवी होती. "मॅचिन आले तर मला उजवा हात मिळाल्यासारखं होईल," ते म्हणाले. "राहायला घर देतील. तुम्हालाही करमेल तिथे, मिसेस मॅचिन." क्लिफ कपाच्या कानात बोट अडकवून बसला होता आणि बेरिलकडे बघत होता. बाकीचं सगळं पुसट झालं, पण ती नजर अजून बेरिलला लख्ख आठवत होती. त्या नजरेत विनवणी नव्हती. विनवणी असती तर बेरिल कदाचित विरघळली असती. नजरेत आनंद होता, आणि तो आनंद तो तिला न विचारता तिच्यापुढे करत होता, जणू तोही तिचाच होता.

"आणि आईला कोण बघेल?" ती म्हणाली.

"मला काय धाड भरलीय?" आई कोपऱ्यातून म्हणाली. "मी नोरीनकडे राहीन." नोरीन म्हणजे बेरिलची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. "जा तुम्ही. इथे काय पुरलंय तुमचं?"

आडोसा असा एका वाक्यात गेला. आता खरं बोलणं भाग होतं, आणि खरं काय ते बेरिलला बोलता येत नव्हतं. म्हणून जे तोंडात आलं ते ती बोलली. "पन्नाशी उलटलेल्या माणसाने जत्रेमागे हिंडायचं? आज इथे, उद्या तिथे. जत्रा उठली की तंबूचे खुंट उपटायचे आणि दुसरं गाव. फुलं उगवली म्हणून काही नोकरी उगवत नाही, क्लिफ. एका उन्हाळ्याचा खेळ आहे हा. मग पुन्हा आहेच घरातली खुर्ची."

मिस्टर गॅलब्रेथनी कप खाली ठेवला. क्लिफ म्हणाला, "बरं." तेवढंच. आणि उठून त्याने सगळ्यांना पुन्हा चहा ओतला, तिला आधी.

तो भांडला का नाही? हा प्रश्न बेरिलने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारला. विचारताना त्याच्यावर थोडा दोष टाकता यायचा. पण बाकावर बसलेल्या बेरिलला आज ते जमेना. तो भांडला नाही कारण घर तिच्या हातावर चाललं होतं, आणि ते तो विसरला नव्हता. ती समजूतदार होती, कधीच बोलून दाखवत नव्हती. न बोललेलं असं साठत साठत कधी तिच्या हातातली काठी होऊन बसलं, तिलाही कळलं नाही.

ऑक्टोबरात उत्सव संपला. आगगाडी नेली, कारंजी बंद झाली, फाटकाला कुलूप लागलं. पुढे इथे काय करायचं याची बोलणी चालू होती म्हणे. ती चालू राहिली, आणि आत बागेत रान माजलं. क्लिफ रविवारी फिरायला जायचा. बेरिलला वाटायचं कालव्याकडे जात असेल. एकदा तो फारच उशिरापर्यंत आला नाही म्हणून ती शोधत निघाली, आणि फाटकाशी तिला दिसला. हातात घरची कात्री, केसांत काटक्या, आणि शेजारी पहारेकरी, विशी-बाविशीचा, नवा कडक गणवेश घातलेला.

"हा गृहस्थ तुमचा का?" त्याने विचारलं. "तारेखालून आत जातो. तिसऱ्यांदा पकडलाय मी. झुडपं कापत बसतो. आता पोलिसांना कळवावंच लागेल."

क्लिफ खाली बघत होता. पण लाजून नव्हे. त्याच्या तळहातावर एक ओरखडा होता आणि तो अंगठ्याने रक्त पुसत होता, काम अर्धं राहिलेल्या माणसासारखा. तो म्हणाला असता, ही झुडपं मीच लावलीत, आत्ता छाटली नाहीत तर पुढच्या साली फुलणार नाहीत. तो तोंड उघडतच होता. आणि बेरिल घाईने पुढे झाली. तिने पहारेकऱ्याच्या बाहीला हात लावला, आवाज खाली आणला, आणि बोट कानशिलाशी नेऊन म्हणाली, "जाऊ द्या हो, साहेब. भट्ट्या बंद झाल्यापासून जरा असंच झालंय त्यांचं. कळत नाही त्यांना."

पोराचा चेहरा एकदम मऊ झाला. "असं होय," तो म्हणाला. मग क्लिफकडे वळून, लहान मुलाशी बोलावं तसं, मोठ्याने आणि सावकाश म्हणाला, "आता घरी जायचं हं आजोबा. पुन्हा यायचं नाही."

"नाही यायचं," क्लिफ म्हणाला.

घरी पोचल्यावर, दारात कुलूप उघडताना तो म्हणाला, "बरं केलंस. सुटलो." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिने तो मनात धरून ठेवला असता, कुरवाळला असता, भांडण काढून मोकळी झाली असती. त्याने कात्री पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळली आणि जिन्याखाली ठेवली. पुढे पुष्कळ वर्षं ते दोघं एकमेकांशी चांगले वागले.

आणि मग तिचीही पाळी आली. कारखान्यात फुलं छापील कागदांवरून उतरवू लागले, हाताने रंगवणाऱ्या बायका घरी पाठवल्या. पहिल्या सोमवारी बेरिल सवयीने उठली, कपडे करून बसली आणि तिला कुठेच जायचं नव्हतं. बोटं मांडीवर आपोआप पाकळी ओढत होती. क्लिफने चहा आणून ठेवला. तो शेजारी बसला आणि म्हणाला, "सुरुवातीला वाईट जातं. हात फार छळतात. मग त्यांनाही कळतं." तो तिच्याशी समजुतीने बोलला नाही. आवाज खाली आणला नाही. आपल्या बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बोलला, आणि मग धिरड्यावर चीज घालू की बेकन असं विचारून गेला. त्या दिवशी तिने त्याला सांगायला हवं होतं की जुलैमध्ये मी आले होते, मागे उभी होते. शब्द तोंडात आले होते. पण आई तेव्हा नुकतीच गेली होती, आणि त्या दुपारची दुसरी साक्षीदार आता नव्हती, आणि न सांगितलं तर ती दुपार कधी झालीच नव्हती असं होण्यासारखं होतं. तिने बेकन म्हणून सांगितलं. क्लिफची छाती त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बिघडली, आणि मग काही सांगायची सोयच राहिली नाही. आजारी माणसाला असलं काही सांगत नाहीत.

बाकावर बराच वेळ गेला असावा, कारण वाटाणे मऊ पडले होते. ती घरी गेली आणि ते तिने उकडून खाल्ले, सगळेच, नुसते मीठ घालून.

त्यानंतर काही आठवड्यांनी चॅपेलच्या वृद्धांची सहल ग्लासगोला निघणार असं कळलं, तेव्हा तिने नोरीनलाही न विचारता नाव दिलं. तिथे जाऊन काय बघायचं हे तिने मनाशी धड ठरवलं नव्हतं. खरं म्हणजे ठरवलं होतं. दोनच गोष्टी शक्य होत्या. तिथे अजून बाग असेल, मोठी, भरलेली, माळ्यांना कायमचं काम असलेली, आणि मग आपल्याला शिक्षा झाली असं होईल. नाहीतर तिथे काहीच नसेल, आणि मग आपण बोललो ते बरोबर होतं असं होईल. दोन्हींपैकी काहीही चालेल, असं तिला बसमध्ये वाटत होतं. फक्त एकदा निकाल लागू दे.

बाकीचे लोक मोठ्या दुकानांकडे गेले तेव्हा ती विचारत विचारत नदीवर पोचली. पादचारी पूल ओलांडला. पलीकडे तार होती, आणि तारेमागे लांबच लांब मोकळी जमीन, फुटलेलं डांबर, विटांचे ढीग, आणि त्यांतून उगवलेली जांभळ्या तुऱ्यांची रानटी झुडपं. वारा नदीवरून येत होता, त्याला जुन्या पाण्याचा वास होता. दूरवर एका कोपऱ्यात थोडी झाडं राखलेली दिसत होती. बाकी काही नाही. बेरिल तारेला धरून उभी राहिली आणि निकालाची वाट पाहू लागली. आपण बरोबर होतो. एका उन्हाळ्याचा खेळ, शब्दशः. तंबू उठला, खुंट उपटले. मिस्टर गॅलब्रेथ समोर असते तर त्यांनाही ते कबूल करावं लागलं असतं. ती वाट पाहत राहिली, पण सुटल्यासारखं काही वाटेना. बरोबर असण्याचा काही उपयोगच होत नव्हता. एकच उन्हाळा होता, हे तर तेव्हाही माहीत होतं सगळ्यांना. क्लिफलाही होतं. त्याने एकच मागितला होता.

एक बाई कुत्र्याला घेऊन येत होती, बेरिलच्याच वयाची, डोक्याला रुमाल बांधलेली. कुत्रा बेरिलच्या बुटांपाशी थांबला म्हणून तीही थांबली.

"काय शोधताय का?"

"इथेच होता ना तो? बागांचा उत्सव?"

"इथेच तर! या बाजूला सगळा." बाईचा चेहरा उजळला. "काय दिवस होते हो! मी रोज यायचे, घर काय, हे इथेच. आमचे हे म्हणायचे, तू आता तिथेच बिछाना टाक. आणि आता बघा, काय करून ठेवलंय." तिने कुत्र्याची दोरी आखडली. "तुम्ही इथल्या नाही वाटतं. तुमचं कुणी होतं का उत्सवात?"

बेरिलने तारेच्या आत बघितलं. "माझा नवरा," ती म्हणाली. "माळी होता इथे."

"अगं बाई! कुठल्या भागात?"

ती घाबरली नाही. हात उचलून तिने दाखवलं, त्या जांभळ्या झुडपांच्या जरा अलीकडे, पाण्याकडे उतार होत होता तिथे. "तिथे. नदीकडे तोंड करून वाफे होते त्याचे. खाली सगळं गोदीचं लोखंड होतं, ते आधी काढावं लागलं. आणि मग पिवळी आणि तांबडी लावली. लोक थांबून विचारायचे त्याला. तो सगळ्यांना सांगायचा, पान उलटं करून दाखवायचा." बोलता बोलता तिचा आवाज चढला होता, आणि हात अजून तसाच पुढे होता.

"म्हणजे पाहिलंच असणार मी त्यांना," बाई म्हणाली. "फुलं तर नक्कीच पाहिली. तुमचा मोठा भाग्याचा उन्हाळा गेला म्हणायचा. इथेच घर दिलं होतं का तुम्हा दोघांना?"

बेरिलने हात खाली घेतला. कुत्रा पुढे जायला ओढत होता. एवढं सगळं रचून सांगणं जमलं होतं, आणखी एक 'हो'ही जमला असता. या बाईला काय कळणार होतं?

"नाही," ती म्हणाली. "तो एकटाच आला होता. मी नाही आले."

"अरेरे," बाई मनापासून म्हणाली. "एकदाही नाही?"

"नाही," बेरिल म्हणाली.